काखेतला पंखा

"इंजिन गार असताना हा पंखा फिरत नाही, बाबा!"

"मग काय शोभेला बसवलास? माझा लोखंडी पंखा इंजिनाबरोबर गरगरायचा. आवाज ऐकला की जिवाला बरं वाटायचं."

"आणि गर्दीत गाडी उकळायची, ते नाही सांगत!"

गॅरेजात बापलेकीची जुंपली होती. बाबांनी स्वतःच्या जुन्या गाडीला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. आज लेकीने गाडीचा पंखा काढून विजेवरचा बसवला होता. जुना पंखा बाबांनी काखेतच धरला होता. लेकीचा नवा फसला की लगेच परत चढवायला.

इंजिन चालूच होतं. तापमानाचा काटा वर सरकू लागला, तसा बाबांचा हात किल्लीकडे गेला.

"थांबा ना! जरा धीर धरा."

काटा लाल रेघेजवळ आला. आता तिनेही किल्लीकडे हात नेला. तेवढ्यात खट् झालं, नवा पंखा घरघरला आणि काटा मुकाट खाली उतरला.

"बोला उस्ताद, बसवायचा का जुना?"

बाबांनी काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग ते बाहेर पडले आणि जाता जाता काखेतला पंखा त्यांनी भंगाराच्या ढिगावर भिरकावला. आत लेकीची मान आपोआप ताठ झाली.