अप्पांच्या हातचा डाग

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात थरथरायला लागला तेव्हा ते विचारणाऱ्याला सांगायचे, "झोपेत अंगाखाली आला, मुंग्या आल्यात." एवढ्या एका कारणावर त्यांनी जवळजवळ वर्ष काढलं. मग मी त्यांना बिदरला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे, म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. भालकी आली तसं म्हणाले, "दुकानात कुणाला बोलू नकोस."

दुकान म्हणजे भालकीहून उदगीरला जाणाऱ्या रस्त्याला असलेली पत्र्याची एक खोली. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, जे येईल त्याचं वायरिंग अप्पा करायचे. तापलेल्या कैयानं कथील वितळवून तारा जोडतात, त्याला आम्ही डाग देणं म्हणतो. अप्पांनी डाग दिलेली तार ओढून तुटायची नाही, हे आसपासच्या गावांत सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. मी बिदरला इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं, लग्न गावातच झालं, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही अप्पांच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. सुरुवातीला गिऱ्हाइकं माझ्या हातात पकड बघून अप्पांकडे बघायची. अप्पा म्हणायचे, "बघू द्या तिला, येतंय तिला."

त्या वर्षी दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. शेजारच्या मेहकर गावचा एक जण आपली पिकअप घेऊन आला. बरीच वर्षं सौदीत ट्रक चालवून तो गावी परतला होता. आता तो आणि त्याचा धाकटा भाऊ दोन पिकअपमधून भाजीपाला लातूरला न्यायचे. त्यानं चादरीत गुंडाळलेला एक डबा टेबलावर ठेवला. आत काळा, विटेएवढा रेडिओ होता, समोर आकडे, बाजूला वेटोळ्या वायरीचा माईक.

"सीबी सेट हाय अण्णा. दोन आणले होते. धाकट्याच्या गाडीत मीच कसातरी बसवला, पर ह्या गाडीत तुमच्या हातचं काम पाहिजे."

"कामून? मोबाईल हाय की," अप्पा म्हणाले.

"रेंज कुठं ऱ्हाती मधी? तिकडं वाळवंटात आमी ह्याच्यावरच बोलायचो. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं."

"पोलिसाचं वायरलेस न्हाई ना हे? न्हाईतर मला आत टाकतील ह्या वयात."

तो हसला. "न्हाई अण्णा, ह्याला परवाना लागत न्हाई. इचारून आलोय."

काम मी सुरू केलं. बॅटरीवरून लाल आणि काळी अशा दोन जाड तारा थेट आणल्या, दोन्हींना फ्यूज घातला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात भोक पाडून रबरी बुश बसवलं, म्हणजे पत्र्याच्या धारेनं तार कापू नये. सेट स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, गिअरला गुडघा अडणार नाही असा लावला. लांब एरियल टपामागच्या लोखंडी जाळीला कसून बांधली. अप्पा स्टुलावरून सांगत होते, मी करत होते. महिनाभर आमचं असंच चाललं होतं. गिऱ्हाइकाला वाटायचं, अप्पा आता मालकासारखे बसून काम करून घेतात.

राहिला केबलचा प्लग. एरियलची केबल सेटला जोडायची तर तिच्या टोकाला प्लग लागतो. केबलच्या मधोमध तांब्याची एक तार असते, तिच्यावर पांढरं प्लास्टिक आणि त्यावर बारीक तारांची जाळी. मधली तार प्लगच्या टोकाला डागायची, जाळी प्लगच्या अंगाला. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी माईकचं बटण दाबल्यावर सेट जळू शकतो.

"हे आण इकडं," अप्पा म्हणाले. "हे मी करतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. गिऱ्हाईक गाडीत बसून सेटची बटणं चाचपत होतं. मी केबल आणि कैया त्यांच्यापुढे ठेवला.

अप्पांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. उजवं मनगट डाव्या हातानं धरलं. "केबल तू धर," एवढंच म्हणाले. कैयाचं टोक प्लगवर जायचं, घसरायचं, पुन्हा जायचं. कथलाचा एक थेंब टेबलावर पडला, दुसरा माझ्या बोटाजवळ. हवेत गारवा होता, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी डागावर फुंकर घातली आणि मान वर केली.

"बघ."

मीटरनं तपासायचं असतं. प्लगच्या टोकाला एक सुई, अंगाला दुसरी. आत कुठं चिकटलं असेल तर मीटर शिट्टी वाजवतं. मी मीटर हातात घेतलं आणि त्याची खटकी शिट्टीवरून काढून नुसत्या आकड्यांवर ठेवली. सुया लावल्या. आकडा शून्य आला. म्हणजे आत चिकटलं होतं.

"बरोबर हाय, अप्पा."

"शिट्टी न्हाई ना वाजली?"

"न्हाई."

ते उठले. "गोळीची येळ झाली. घरला जाऊन दोन घास खाऊन येतो. तवर तू लाव."

घर दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. ते वळणाआड गेले तसा मी प्लग कापला. केबल नव्यानं सोलली, दुसरा प्लग घेतला, डाग दिला. गिऱ्हाइकानं गाडीतून विचारलं, "काय झालं अक्का?"

"काय न्हाई, केबल आखूड करायलेय."

आईनं मला त्या संध्याकाळी सांगितलं, अप्पा घरी गेले ते खुशीत होते. गोळी घेतली, आणि ताट वाढलेलं असताना म्हणाले, "आज डाग बसला बघ. पोरीनं तपासला. सेट बोलताना बघून येतो, मग जेवतो." आणि तसेच परत फिरले.

मी नव्या प्लगवर फुंकर घालत होते तेव्हा ते दारात उभे होते. कापलेला प्लग टेबलावरच पडला होता. अप्पांनी तो उचलला, उजेडाकडे धरून बघितला. मग मीटर ओढलं, खटकी शिट्टीवर फिरवली, सुया लावल्या. शिट्टी वाजली. हात थरथरत होता म्हणून ती तुटक तुटक वाजत राहिली.

त्यांनी मीटर बंद केलं आणि म्हणाले, "लाव नवा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

सेट लावला. सेटवरची सिग्नलची पट्टी बघून एरियल वरखाली केली. गिऱ्हाइकानं माईक घेऊन भावाला हाक मारली. भावाची गाडी भालकीच्या बाजारात उभी होती. खरखर झाली आणि मग अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज आला, "बोल दादा, साफ ऐकू यायलंय." दोघं भाऊ लहान पोरांसारखे हसत सुटले. माईक ठेवून तो खाली उतरला.

"अण्णा, तुमच्या हाताला तोड न्हाई बगा."

मला वाटलं अप्पा मान डोलावतील, विषय संपेल.

"डाग माझा न्हाई," अप्पा म्हणाले. "माझा चुकला होता. लेकीनं काढला, दुसरा दिला. माझा हात चालंना आता. कंपवात हाय."

पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द दुकानात उच्चारला. तो माणूस अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मग तुमी सांगत जावा अण्णा, अक्का करतील."

तो गेल्यावर अप्पांनी मला विचारलं, "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"आत्ता न्हाई वाटलं व्हय?"

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, रागावलेही नाहीत. टेबलावर सांडलेलं कथील नखानं खरवडत बसले.

त्यानंतर अप्पांनी कैया हातात घेतला नाही. रोज यायचे, बसायचे, येणाऱ्याला आपणहून सांगायचे, "काम पोरगी करती." पुढे चालणं आखडलं, आवाज इतका बारीक झाला की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा. मग दुकानात येणंही थांबलं. दुपारी घरी जाऊन मी त्यांना भरवायची. "आज लई हालायलाय हात," मी म्हणायची. "व्हय," ते म्हणायचे. एवढं उघड बोलणं आमच्यात आधी कधी नव्हतं, आणि त्यासाठी मी त्यांचा एक आनंदाचा दिवस मोडला होता. हे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलायचं म्हणून किती वेळा त्यांच्या पलंगापाशी बसले.

गेल्या उन्हाळ्यात छातीत कफ भरला म्हणून त्यांना बिदरला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"दुकान उघडलंस का?"

"न्हाई अप्पा. बंद ठेवलंय."

"कामून?"

"तुमी इथं हाव म्हणून."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात धरला. झोपेत तो हलायचा नाही, अगदी पहिल्यासारखा शांत असायचा. दुपारपर्यंत मी तो तसाच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं.