यात्रेतलं टेनिस

माझ्या नणंदेनं टेनिसमध्ये तीनदा राज्य अजिंक्यपद मिळवलं आणि तिन्ही वेळा आमच्या गावातून प्रश्न एकच आला, "समोरचीला पाडली का?" टेनिसमध्ये कोणी कोणाला पाडत नाही हे सांगून सांगून घरातली माणसं थकली. आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध. इथे खेळ म्हणजे कुस्ती आणि कुस्ती म्हणजे देवराम नाना, माझे सासरे. त्यांचीच मुलगी हातात जाळीचं भिंगरं घेऊन चेंडू मारत फिरते, ही गोष्ट गावानं मोठ्या मनानं पोटात घातली होती.

हर्षाली तिचं नाव. वय एकेचाळीस, पण चालते अजूनही अशी, की मागून कोणी हाक मारली तर एका उडीत वळेल. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ती वीस वर्षांची होती. नणंद म्हटल्यावर मी नांदगावहून येताना मनाची पुरती तयारी करून आले होते. चार टोमणे मीही घोकून ठेवले होते. पण ही बया पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "वहिनी, माझ्या खांद्याला तेल चोळून देतेस का? तुझे हात दणकट दिसतात." टोमणे तसेच राहिले. मी तेल चोळायला बसले ती आजपर्यंत चोळतेच आहे.

त्या खांद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हर्षाली कळायची नाही. नानांची तालीम घराच्या मागेच. माझा नवरा सुनील आणि गावातली पोरं पहाटे तिथे जोर काढायची, त्यांच्यात ही चिमुरडीही असायची. जोर, बैठका, दोरावर चढणं, सगळ्यांत ही पुढे. सुनील आजही कबूल करतो की ती त्याला खाली घ्यायची आणि वर तोच सांगायचा की पाय घसरला. ती बारा वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी नानांनी तिला दारातच थांबवलं. म्हणाले, "आता तू मोठी झाली. उद्यापास्नं येऊ नको." दुसरं काही कारण सांगितलं नाही. त्या काळात कोणी सांगतही नव्हतं. जूनमध्ये तिची रवानगी पंचवटीला आत्याकडे झाली, शिकायला म्हणून.

नाशिकच्या शाळेत खेळाच्या बाईंनी तिला गोळाफेक करताना पाहिलं, खांदा पाहिला आणि रॅकेट हातात दिली. पुढचं सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलंय. एकोणिसाव्या वर्षी पहिलं राज्य अजिंक्यपद, मग आणखी दोन, राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी. तिची सर्व्हिस पुण्या-मुंबईच्या मुलींना झेपायची नाही. सत्ताविसाव्या वर्षी तोच खांदा गेला, ऑपरेशन झालं, मोठ्या स्पर्धा संपल्या. ती घरी आली, आठ दिवस झोपून राहिली, नवव्या दिवशी उठून माझ्याबरोबर बागेत घड विरळायला आली. कात्री डाव्या हातानं चालवत होती. रडली नाही. मीच रडले, आणि उगाच घडांवर राग काढला.

मग दीपकशी लग्न झालं. पंचवटीत भाजीची आडत चालवणारा, गोलमटोल, शांत माणूस. त्याला टेनिसमधलं काही कळत नाही. पण बायकोचे सगळे चषक त्यानं मार्केटमधल्या गाळ्यात, गणपतीच्या तसबिरीखाली मांडलेत. शेतकरी कोथिंबिरीचा भाव विचारायला येतात आणि आधी चषकांची माहिती ऐकून घेतात. हर्षाली सकाळी मुलींना टेनिस शिकवते. दुपारी ओट्याशेजारच्या टेबलावर मशीन लावून लोकांच्या रॅकेटी विणून देते. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजते, एकीकडे तार ताणते. एकदा तिच्या आमटीत तारेचा तुकडा निघाला. दीपकनं तो काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिला. असा संसार. पस्तिशीपुढच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती परत उतरली आणि जिंकलीसुद्धा. सुखात आहे पोरगी, माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून ठामपणे सांगते.

एकच सल होता. नानांनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. नाशिक काही विलायतेत नाही, तासाभराची वाट. पण नाना गेले नाहीत. ती चषक आणायची, पाया पडायची, नाना म्हणायचे, "बरं झालं." मग विचारायचे, "पण अंगाला अंग लागत नाय, तर कोण भारी ते कळतं कसं?" ती हसून समजावून सांगायची. आणि मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर गप्प बसायची. मला नानांचा इतका राग यायचा की पोळी करपायची.

यंदा चैत्रात भैरवनाथाची यात्रा आली आणि कमिटीच्या डोक्यात हर्षालीचा सत्कार करायचं आलं. कमिटीचे अध्यक्ष रंगनाथ शाल-श्रीफळाचं बोलायला आले. फोनवर हर्षाली म्हणाली, "काका, सत्कार नको. खेळ ठेवा. मी खेळते." रंगनाथकाका आधी चपापले, मग एकदम उजळले. कुस्त्यांच्या आधी, चार वाजता, शाळेच्या मैदानावर टेनिस! पंचक्रोशीत कोणत्या यात्रेत असतं सांगा.

मैदानावर ट्रॅक्टरचा रोलर फिरला, मुरूम दाबला, पाणी मारलं, फक्कीच्या रेषा पडल्या. नेट नाशिकहून आलं. समोर कोण? तर निकिता, हर्षालीचीच शिष्या, एकोणीस वर्षांची, यंदाची जिल्ह्याची विजेती. उंच, काटक, पायात जणू भिंगरी. मी म्हटलं, "अगं, एखादी जरा सोपी आणायचीस." हर्षाली बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, "वहिनी, नाना येतील ना?"

"येतील. शेवटची कुस्ती त्यांच्याशिवाय लागत नाही. पंच आहेत ते."

"तसं नाही. चारला येतील ना? मला जिंकायचंय, पण ते राहू दे. त्यांनी एकदा मला खेळताना बघावं. नुसतं बघावं नाही, खेळाडू म्हणून बघावं."

मी तडक ओसरीवर गेले आणि सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला, "नाना, पावणेचारला तयार राहा." नाना माझ्याकडे बघतच राहिले. पण पावणेचारला फेटा बांधून तयार होते.

कमिटीला फक्त कुस्त्या भरवायची सवय. त्यांनी टेनिसही तसंच भरवलं. कारभारी नावाच्या निवेदकानं माईक हातात घेतला, हर्षाली आणि निकिताचे हात धरून दोघींना अख्ख्या मैदानाला फेरी मारून आणलं आणि "मानाची जोड" म्हणून पुकारलं. निकिता लाजून लाल झाली. मग हलगी सुरू झाली. सर्व्हिसला चेंडू वर गेला की हलगीही चढायची. हर्षालीनं हात जोडून वाजवणाऱ्या झुंबरला थांबवलं. तो रुसला. "वाजवायचं नाय तर खेळाला रंग कसा यायचा, ताई?" शेवटी चेंडू चालू असताना गप्प आणि पॉइंट संपला की हलगी, असं ठरलं. मधेच कोणीतरी उठून हर्षालीच्या हातात शंभराची नोट कोंबून गेला. नेटजवळच्या म्हाताऱ्या तर तिला नुसतं "पाड, पाड" म्हणत होत्या.

एका सेटचा सामना होता. सहा गेम घेईल ती जिंकेल, पण दोननं पुढे हवी. सुरुवातीला हर्षालीनं निकिताला नाचवली. पाच-दोन झाले. सर्व्हिस अशी जायची की चेंडू दिसायचा नाही, फक्त आवाज यायचा. गावाला खेळ कळो न कळो, आवाज कळत होता. मी नानांकडे बघत होते. ते पंचांच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे चेंडूवर नव्हते, हर्षालीच्या पायांवर होते.

एक गेम राहिला होता. आणि मग वय आडवं आलं. एप्रिलचं ऊन, एकेचाळिसावं वर्ष, तो खांदा. निकिता लांब लांब फिरवू लागली. पाच-तीन, पाच-चार, पाच-पाच. हर्षाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. पुढे काय होणार हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. "पाड, पाड" बंद झालं.

तेव्हा रंगनाथकाका दोन फेटे घेऊन झपाझप मैदानात आले. दोघींचे हात धरून वर केले. कारभारीनं माईकवर आरोळी ठोकली, "जोड बरोबरीत सोडवली!" यात्रेच्या कुस्तीत असंच करतात. दोघेही तोडीस तोड निघाले, वेळ होत चालला किंवा गावचा मल्ल अडचणीत आला, की पंच बरोबरीत सोडवतात आणि कोणाचीच इज्जत जात नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं का बोलू, माझाही जीव भांड्यात पडला. निकिताही हसली, तिला तिच्या ताईंना हरवायचं नव्हतंच.

हर्षाली मात्र हसली नाही. हात वर धरलेला, आणि नजर नानांकडे. तो चेहरा मी ओळखला. सगळं गाव तिला माहेरवाशीण म्हणून जपत होतं आणि तिला तेच नको होतं.

नाना उठले. मैदानाच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. आखाड्यात उतरताना काढतात तशा. काठी टेकत रंगनाथकाकांसमोर जाऊन उभे राहिले.

"कोणी सोडवली?"

"कमिटीनं, नाना. आपली लेक हाय. गावच्या लेकीला गावातच कशाला हरू द्यायची?"

"पंच मी हाय का कमिटी?"

रंगनाथकाका हातातले फेटे सावरू लागले.

"या सुनीलची जोड लागली होती, तवा मी सोडवली का? हरू दिला ना?" नानांनी गर्दीतल्या माझ्या नवऱ्याकडे काठी रोखली. सुनीलनं मान खाली घातली. "मग हिला का सोडवता? लेक घरी. इथं ती पैलवान हाय. निकाली होऊ द्या."

निकाली, म्हणजे शेवटपर्यंत. हार नाहीतर जीत. हर्षालीनं हात सोडवून घेतला. डोळे पुसले की घाम पुसला, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. निकिताकडे वळून ती ओरडली, "लिंबूटिंबू खेळलीस तर उद्यापासून शिकवणार नाही!"

आणि मग जे दोन गेम झाले ते मी जन्मभर विसरणार नाही. एकेक गेम संपता संपेना. हर्षाली घोट्यापर्यंत मुरमानं माखली. एका चेंडूमागे धावताना पडली, कोपर सोललं, बसल्या बसल्या चेंडू परत मारला. तो पॉइंट तिला मिळाला आणि झुंबरनं सगळे करार मोडून हलगी बडवली. पण शेवटी निकिता सात-पाच जिंकली. शेवटचा चेंडू हर्षालीच्या पायाशी पडून निघून गेला.

हर्षाली नेटपाशी गेली आणि निकिताला मिठीत घेतली. नानांनी जिंकलेल्या पोरीला स्वतः फेटा बांधला, पाठ थोपटली. हर्षाली पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या सोललेल्या कोपराला त्यांनी चिमूटभर मुरूम लावला, तालमीत पैलवानाच्या जखमेला माती लावतात तसा, आणि कुस्त्या लावायला गेले. मी डेटॉल घेऊन धावले. तिनं मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी कुस्त्या आटोपून नाना घरी आले. अंगणात पंगत बसली, मी पुरणपोळ्या वाढत होते. दीपक, सुनील, निकिता, सगळे होते. नाना हर्षालीच्या समोरच येऊन बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधीच सुरू झाले.

"डाव्या अंगाला चेंडू आला, की तू मागं सरते. का सरते? पाय आधी पुढं टाकायचा. पाच-दोनला तू मनात जिंकून मोकळी झाली, तिथं घात झाला. आन दम कुठंय? जोर किती काढते रोज? सांग ना. नुसतं पोरींना शिकवून दम राहतो का?"

दीपकनं माझ्याकडे घाबरून पाहिलं. हरलेल्या माणसाला निदान जेवू तरी द्यावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो शहरातला. त्याला कोण सांगणार, की नाना परक्याला कधी चुका सांगत नाहीत. तालमीतली पोरं यासाठीच जीव टाकायची.

मीही वाढता वाढता थांबले. नाना बोलतच होते, पाय कसा टाकायचा ते बसल्या जागी हातानं दाखवत होते. हर्षालीच्या ताटातलं तूप थिजलं होतं. ती मांडी घालून, ताठ बसून ऐकत होती, "हो नाना", "चुकलं नाना" म्हणत होती. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"पहाटे ये मागं, तालमीत," नाना म्हणाले. "पाय बघू तुझा."