जाहिरातीच्या रकान्यातल्या बायका

मावशीनं घेतलेलं झबलं हा आहेर असतो, धंदा नव्हे, असं मी मुलीला तिच्या दुकानाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

दुकान म्हणजे गाळा वगैरे काही नाही. फोनवर दिसणारं दुकान. तान्ह्या बाळांची झबली, टोपडी, दुपटी. कापड भिवंडीचंच, मऊ सुती. कापायला मुलगी, शिवायला आणि पार्सलं कुरिअरला द्यायला माझी बायको, आणि चुका काढायला मी. सुरुवातीच्या ऑर्डरी आल्या त्या मावशीच्या, दोन्ही आत्यांच्या आणि माझ्या एका साडूच्या. साडूच्या घरात त्या वेळी बाळ नव्हतं, व्हायची शक्यताही नव्हती.

मुलगी कशेळीच्या एका गोदामात डिस्पॅचला होती. दिवसभर दुसऱ्यांची पार्सलं स्कॅन करायची आणि संध्याकाळी ट्रकांच्या रांगेतून स्कूटर काढत घरी यायचं. तिला ती नोकरी सोडून पूर्ण वेळ दुकान बघायचं होतं. मी हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. मी एका पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब बघतो. ‘चांगलं चाललंय’ एवढं सांगून मला काही कळत नाही. कुठल्या लूमवर किती मीटर निघालं ते सांगा, मग कळतं.

म्हणून मी अट घातली. ओळखीच्यांच्या ऑर्डरी धरायच्या नाहीत. सलग तीन महिने अनोळखी लोकांच्या ऑर्डरी ओळखीच्यांपेक्षा जास्त आल्या, की खुशाल राजीनामा दे, पेढे मी आणतो.

“पण अनोळखी कोण हे कसं ओळखायचं, बाबा? आडनावावरून?”

“ते तू बघ.”

तिनं बघितलं. दुकानात यायला तिनं तीन लिंका केल्या. तिन्ही एकाच दारात नेतात, फक्त प्रत्येकीवर वेगळा शिक्का. पहिलीचं नाव ‘ओळखीचे’, ती नातेवाइकांना पाठवायची. दुसरी ‘रील’, ती तिच्या व्हिडिओखाली. तिसरी ‘जाहिरात’, ती पैसे भरून पुण्या-नाशिकच्या आयांना दिसणाऱ्या जाहिरातीत. ह्या तिन्ही लिंका तिनं घरच्या ग्रुपवर नावानिशी टाकून ठेवल्या, हरवायला नकोत म्हणून.

दुकानाची मागची बाजू फक्त आम्हाला दिसते. तिथं ऑर्डरींचा तक्ता असतो. ऑर्डर नंबर, तारीख, गिऱ्हाईक, गाव, आणि शेवटी ‘चॅनल’ नावाचा रकाना. ऑर्डर कुठल्या लिंकवरून आली ते त्यात आपोआप उमटतं. वरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि एखादं चॅनल निवडलं, की बाकीच्या ओळी नाहीशा होतात आणि तेवढ्याच उरतात. मला हे फार आवडलं. कारखान्यात हेच काम मला पट्टी लावून करावं लागतं.

सकाळचा चहा मी त्या तक्त्यावर घेऊ लागलो.

“काय बघताय?” बायको विचारायची.

“चॅनल.”

“मग आवाज कसा येत नाही?”

पहिल्या महिन्यात जाहिरात ओळखीच्यांपेक्षा जेमतेम पुढं. दुसऱ्या महिन्यात ती आणखी पुढं गेली. तिसऱ्या महिन्यात तर ओळखीचे फारच मागं पडले. साडूनं दुसरं झबलं घेतलं नाही, हेही त्यात आलं. मुलगी खूश होती. तिनं राजीनाम्याचं पत्र लिहून फोनमध्ये तयार ठेवलं. सोमवारी द्यायचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी कपाटाच्या खणात कात्री शोधत होतो. हाताला बँकेचं पाकीट लागलं. आत माझं नवं कार्ड. जुन्याची मुदत संपली होती आणि नव्या कार्डाचा नंबर मी अजून कुठंच भरला नव्हता. जाहिरातीचे पैसे जायचे ते त्या जुन्या कार्डावरून. म्हणजे जाहिरात बंद पडली असणार. फोनवर पाहिलं, तर खरंच, आठवडाभर बंद होती.

मग मी तक्ता उघडला. चॅनल निवडलं जाहिरात. ह्याच आठवड्यातल्या ओळी दिसल्या, आणि चांगल्या भरपूर दिसल्या.

बंद लूमवर मीटर चढलेले दिसले तर कापड भुतानं विणलेलं नसतं. दुसऱ्या लूमचं कापड ह्या नंबरावर लिहिलेलं असतं. मी शेजारचा गावाचा रकाना पहिल्या महिन्यापासून वाचू लागलो. अंबाडी. अंबाडी. गणेशपुरी. वाडा. पुन्हा अंबाडी. पुणे औषधाला एक, नाशिक तर नाहीच. एवढे दिवस मी चॅनलच बघत होतो, त्याच्या बाजूचा रकाना बघायचं सुचलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी फोन घेऊन आली. “बाबा, ‘महोदय’नंतर स्वल्पविराम ना?”

“स्वल्पविराम राहू दे. जाहिरात आठवडाभर बंद आहे.”

“बंद कशी असेल? परवाच आल्यात की ऑर्डरी.”

“तेच म्हणतोय मी. आणि ही गावं बघ.”

तिनं माझ्या हातातला फोन घेतला. वर-खाली केला. तिचा चेहरा उतरायला लागला होता.

पलीकडच्या खोलीत शिलाई मशिनचा आवाज थांबला. “गावं? कुठली गावं?”

“अंबाडी, गणेशपुरी, वाडा.”

“मग त्या माझ्या बाया.”

माझ्या बायकोचं माहेर अंबाडीकडचं. ती एरवी शहरातल्यासारखी बोलते, पण माहेरचा विषय निघाला की तिची भाषाही माहेरी जाते. मशिनवरून उठून ती दारात आली. गळ्यात टेप तशीच.

“तुझ्या बाया म्हणजे?” मुलीनं विचारलं.

“भजनाच्या. तालुक्यातल्या सगळ्या बायांच्या मंडळांचा ग्रुप हाय ना फोनवर. त्यावर टाकते मी लिंक. एकादशीला टाकते, कोणाकडं बारसं निघालं की टाकते.”

“कुठली लिंक टाकतेस?”

“जाहिरातीची.”

“आई! जाहिरातीची का?”

“मग? जाहिरातच करत होते ना मी? तूच लिवलंयस त्यावर, जाहिरात. मला वाटलं, जाहिरात करणाऱ्यानं ती घ्यायची.”

मुलीनं ग्रुपवरच्या तिन्ही लिंका उघडून आईपुढं धरल्या. मग म्हणाली, “अगं, तू ‘ओळखीचे’ असं लिहिलेली पाठवायची होतीस.”

“त्या कुठं ओळखीच्या हायत? निम्म्या जणींची तोंडं पन बघितली न्हाय मी.”

माझ्या बायकोनं तिच्या परीनं नियम तंतोतंत पाळला होता. मंडळी अनोळखी, म्हणून ओळखीची लिंक वापरली नाही. काम जाहिरातीचं, म्हणून जाहिरातीची वापरली.

मुलीनं फोन पालथा ठेवला. “म्हणजे माझी जाहिरात सगळी फुकट गेली.”

“तुझी गेली असंल,” आई म्हणाली. “माझी न्हाय गेली.”

पण मुलीला हसू आलं नाही. तीन महिने तिनं ज्याच्या भरवशावर नोकरी सोडायचं ठरवलं होतं, तो रकाना भलताच निघाला होता. आता ती माझ्याकडे बघत होती. अट माझी होती. ह्या बायका अनोळखी धरायच्या, की आईच्या ग्रुपवरच्या म्हणून ओळखीच्या? हो-नाही मलाच ठरवायचं होतं.

मी म्हटलं, “ओळ-ओळ घेऊ.”

मग आम्ही तिघं तक्त्याभोवती बसलो. मी नाव आणि गाव वाचायचं, बायकोनं उत्तर द्यायचं, मुलीनं टिपून घ्यायचं.

“ही अंबाडीची?”

“ओळखीची. पेटी वाजवते.”

“ही?”

“तिच्या बाजूला बसते ती. ओळखीची. पन झबलं घेऊन तिनं परत दुपटं घेतलं, ते काय ओळखीसाठी न्हाय घेतलं.”

“तो वेगळा प्रश्न. ही गणेशपुरीची?”

“न्हाय माहीत.”

“ही वाड्याची?”

“वाड्याला माझं कोन हाय?”

म्हणजे बायकांनी लिंक पुढे पाठवली होती. पेटीवालीनं भाचीला, भाचीनं नणंदेला, नणंदेनं आणि कुणाला. वाड्यापर्यंत झबली पोचली होती आणि आम्हा बाप-लेकीला ती पुण्याला चालल्यासारखी वाटत होती.

“आणि ही?”

बायको थांबली. “हिचा आवाज ओळखते. गवळण काय म्हणते! चेहरा न्हाय ओळखत.”

मी जरा विचारात पडलो. मुलगी तेव्हा पहिल्यांदा हसली. “बाबा, आवाजाचा वेगळा रकाना करा आता.”

आवाजवालीला मी अनोळखीत टाकलं. सगळ्या ओळी संपल्यावर बेरीज केली. ओळखीच्या वजा करूनही तिन्ही महिने अनोळखी जास्त भरल्या. फार नाही, पण जास्त. अट पुरी झाली होती आणि मी तसं सांगितलं. पत्र उद्या द्यायला हरकत नाही म्हटलं.

मुलगी मान हलवायला लागली. “नको. हे आपण आत्ता आठवून-आठवून लावलं. मी उद्या पत्र दिलं तर मलाच रोज वाटत राहील की आकडा खरा होता का. आधी लिंका नीट करू. एक महिना बघू. मग देते.”

एवढी कडक अट मीही घातली नव्हती.

बायकोच्या ग्रुपसाठीच्या नव्या लिंकचं नाव काय ठेवायचं यावर वाद झाला. मी म्हटलं ‘भजन’. बायकोनं कानाला हात लावला. देवाच्या नावावर टोपडी विकायची नाहीत, म्हणाली. शेवटी मुलीनं ‘आई’ असं नाव दिलं. ती नातेवाइकांना पाठवायची नाही आणि अनोळखींत धरायची, असं ठरलं. मग तिनं जुन्या तिन्ही लिंका घरच्या ग्रुपवरून काढून टाकल्या. माझं नवं कार्ड पाकिटातच राहिलं.

सोमवारी ती नेहमीसारखी कशेळीला गेली.

तो महिना घरात निवडणुकीसारखा गेला. बायको आता माझ्याआधी उठून तक्ता उघडायची. “आईत किती?” हा पहिला प्रश्न. “रील मागं पडली वाटतं,” हे मुलगी ऐकेल अशा बेतानं. मुलीनं चिडून रीलमध्ये जास्त मेहनत घेतली, तीही थोडी वर सरकली. दुपट्यांना मागणी इतकी आली की शेजारच्या वहिनींना शिवणकामाला बसवावं लागलं. एका सकाळी तर दोघीही माझ्या चहाच्या दोन बाजूंनी वाकून एकाच फोनात बघत होत्या आणि मला माझ्याच तक्त्यातलं काही दिसत नव्हतं.

महिना संपला. आई पहिली, रील दुसरी, ओळखीचे तळाला. मुलीनं पत्र दिलं. ‘महोदय’नंतर स्वल्पविराम मी स्वतः बघितला. पेढे आणले, नोटिशीचे दिवस गेले, आणि एका साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता ती घरात टेबलाशी बसून स्वतःची पार्सलं बांधत होती.

मी कामावर निघण्याआधी तक्त्यावरून नजर फिरवली. नवी ऑर्डर होती. चॅनल आई. नाव वाचलं, तर मावशीचं.

“अगं,” मी बायकोला म्हटलं, “ही तुझी सख्खी बहीण. हिला तू तुझी लिंक पाठवलीस? ही ‘ओळखीचे’मध्ये हवी.”

मशिनवरून मान वर न करता ती म्हणाली, “दिवाळीपासून एक फोन केला न्हाय तिनं. राहू दे अनोळखीत.”