विमलची बिनसाखरेची बिस्किटं

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रुसून बसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आपण सगळे एकाएकी फार समजूतदार होतो आणि मी तशी नाही. नवरात्र बसायला चार दिवस होते. मी ओट्यावर मेथी निवडत होते. तिचा मुलगा प्रशांत एवढंच म्हणाला, "मावशी, आई गेली..." तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन आठ दिवस झाले होते. आर्णीहून यवतमाळ म्हणजे तासाभराचा रस्ता. मी गेले नव्हते. कारण विचाराल तर हसाल. कारण होतं तिची कुत्री, भुरी.

विमल नर्स होती. सगळी नोकरी झरी जामणीकडच्या गावांमध्ये झाली, बरीचशी पायी. शेवटची नेमणूक मुकुटबनजवळच्या एका उपकेंद्रात होती. निवृत्त होऊन आर्णीला आली ती दोन ट्रंका आणि एक मातकट रंगाचं पिल्लू घेऊन. उपकेंद्राच्या पडवीत सापडलेलं ते पिल्लू म्हणजे भुरी. माझ्या घरापासून पाच घरं सोडून तिनं घर बांधलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच मोकळी झालेली, नवरा आधीच गेलेला आणि तिचाही. चार वाजताचा चहा तिच्याकडे ठरून गेला. ती कमी बोलायची, उरलेलं सगळं मी बोलायचे. असं आमचं छान जमलं.

भुरी गल्लीची लाडकी झाली आणि तिथूनच बिघडलं. कोणी चिवडा टाकायचं, कोणी क्रीमची बिस्किटं, कोणी रात्रीचं वरण-पोळी. वर्षभरात ती गोल झाली, अंग खाजवून खाजवून पाठीवरचे केस गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी गोड आणि खारट बंद करायला सांगितलं. विमलनं ते नर्ससारखं ऐकलं, म्हणजे अक्षरशः. काय चालतं, काय चालत नाही हे त्यांना खोदून खोदून विचारलं आणि लसीकरणाचा तक्ता लावावा तशी एक यादी स्वयंपाकघरात चिकटवली. बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, जायफळ... सगळ्यांवर लाल फुली. मग ती स्वतः बिस्किटं करायला लागली. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, वाफवून कुस्करलेलं कोहळं म्हणजे लाल भोपळा, एक अंडं, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, सोडासुद्धा नाही. दिवसाला दोन, तीही जेवणाव्यतिरिक्त. मला हे सगळे चोचले वाटायचे. "वं विमल, जावयाले बी कोणी एवढं नाई करत," मी म्हणाले. ती कोहळं कुस्करत म्हणाली, "जावई सांगू शकते पोट दुखते म्हणून. हे कोणाले सांगन?"

प्रशांतनं तिला पुण्याहून ओव्हन पाठवला होता. त्यात ती कोरड्या मिरच्या ठेवायची. बिस्किटं भाजायची ती जब्बारभाईच्या भट्टीवरच. आमच्याकडे दिवाळीच्या आधी बेकरीवर बायकांची रांग लागते. घरून रवा, मैदा, तूप, साखर न्यायची, आपल्यासमोर मळून घ्यायचं, साच्यातून पाडून घ्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत पोत्यावर बसून गावभरच्या गोष्टी करायच्या. त्या रांगेत विमल कुत्रीच्या बिस्किटांचं पीठ घेऊन बसायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. ती आपला नंबर धरून असायची.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिला पेन्शनच्या कामाला यवतमाळला जायचं होतं. मी भट्टीवर जाणारच होते, तेव्हा तिनं तिचं पीठही माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, "संध्याकाळी भुरीले दोन दे. दोनच." आता खरा घोळ ऐका. आमचे दोन्ही स्टीलचे डबे सारखे होते, कारण माझा डबा तिनंच माझ्या मुलीच्या लग्नात दिला होता आणि आपल्याकडे भांडं देताना देणाऱ्याचं नाव घालून देतात. दोन्ही डब्यांवर तिचंच नाव. जब्बारभाईनं दोन्ही बिस्किटं एकाच साच्यातून पाडलेली, रंगानं पिवळीच. माझ्यात मी त्या वर्षी हौसेनं बेदाणे बारीक चिरून घातले होते, नवीन काहीतरी म्हणून. घरी येऊन एक डबा ओट्यावर ठेवला, दुसरा घेऊन भुरीकडे गेले. झाकण काढलं तर तुपाचा खमंग वास आला. इथे कोणीही थांबलं असतं. मी मात्र खूश झाले. वाटलं, चला, सणासुदीला तरी विमलला शहाणपण सुचलं. भुरीनं दोन खाल्ली, शेपटी हलवली. मी अजून दिली. मूठभर दिली... मोजलीसुद्धा नाहीत.

घरी परतले तर जावईबापू चहाबरोबर ज्वारी-कोहळ्याचं बिस्किट चावत म्हणत होते, "आई, यंदा साखर कमी घातली का? तब्येतीला चांगलंय." माझ्या हातातला कप तसाच राहिला. चप्पल न घालता धावले. विमल तेवढ्यात बसमधून उतरून आली होती आणि भुरी अंगणात ओकत होती. तिनं ओकारीत वाकून पाहिलं आणि एक शब्द विचारला, "बेदाणे?" मी मान डोलावली. तिनं कुत्रीला चादरीत गुंडाळलं आणि ऑटो थांबवला. पुढचे काही दिवस सलाइन, तपासण्या, मूत्रपिंडाला किती इजा झाली ते कळायची वाट पाहणं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. दिवाळीचा एकही दिवा तिच्या दारात लागला नाही. मी रोज जाऊन बसायचे, ती मला चहा द्यायची आणि पुन्हा भुरीजवळ जाऊन बसायची. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

भुरी वाचली. ती उठून पहिल्यांदा दारापर्यंत चालत गेली तेव्हा विमल म्हणाली, "शोभा, आता शिकून घे." तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरात. पण शिकणं कसलं! मी कोहळं चिरायचं, शेंगदाण्याची सालं पाखडायची, पीठ कसं दिसतं ते पाहायचं. मळायची तीच. डबा भट्टीवर न्यायची तीच. "मी नेऊ का?" म्हटलं की म्हणायची, "राहू दे, मी चाललीच हावो." चार वर्षं हे ऐकलं. मी शाळा चालवलेली बाई, पण या घरात मला डबा मिळत नव्हता. का ते मला माहीत होतं आणि ते खुपायचं.

यंदा पावसाळ्यात तिच्या पोटाचं दुखणं निघालं. काय आहे ते तिला आमच्या आधी कळलं असणार. हळूहळू तिनं सगळी निरवानिरव केली. कपाटाच्या किल्ल्या, बँकेची कागदं, तुळशीची कुंडी कोणाला द्यायची इथपर्यंत. भुरीबद्दल मात्र मला अवाक्षर नाही. एक दिवस फोनवर प्रशांतशी बोलताना ऐकलं, "भुरीची कायजी नोको करू, ते झालं." झालं? कोणाकडे? तिच्या वणीच्या पुतणीकडे असणार, मी ठरवून टाकलं. एका चुकीची शिक्षा माणसानं किती वर्षं द्यावी? मी चहाला जाणं बंद केलं. दवाखान्यात नेताना ती ऑटोतून माझ्या दाराकडे पाहत होती, असं शेजारीण सांगते. मी आत होते. मला दिसली नाही... खरं तर मी पाहिलं नाही.

चौदावा झाला. प्रशांत परत जाताना सहज म्हणाला, "भुरी आहेच ना तुमच्याकडे." मी फटकन बोलले, "तुह्या आईनं मले तसं काई सांगितलं नाई." तो गोंधळला. म्हणाला, "सांगितलं नाही? मला तर ती म्हणाली, ठरलंय..." भुरी तोवर माझ्या दारापुढच्या ओट्यावर पाय पसरून झोपली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

विमलनं केलेली शेवटची बिस्किटं दहा-बारा दिवसांत संपली. एका रविवारी मी कोहळं वाफवलं, पीठ मळलं. डबा घेऊन भट्टीवर गेले. दिवाळीची गर्दी सुरू झालेली. मला वाटलं, जब्बारभाईला सगळं समजावून सांगावं लागेल. त्यानं मला पाहिलं, हात पुसले, मागच्या फळीवरून घासून ठेवलेला बिस्किटं भाजायचा एक छोटा पत्रा काढला आणि म्हणाला, "आणा बाई. हा भुरीचाच हाय. याच्यात गोड कधीच टाकत नाई मी. ताई सांगून गेलत्या, आता शोभाबाई येतीन म्हणून."

"कधी?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आधी. मी म्हटलं, ताई, त्यायनंच तं मागं घोळ केलता. अन् त्यायले सांगितलं का तुमी? तं म्हणे, सांगा कायले लागते, येते ते." त्यानं भट्टीत लाकूड सरकवलं. "अन् म्हणे, म्हणूनच तिले देऊन राह्यली. एकदा जिच्या हातून चुकलं, ते बाई जलमभर डबा पाहूनच देईन."

मागे रांगेतल्या बायका बोलत होत्या, कोणाचं तरी लेकरू साखरेसाठी रडत होतं. जब्बारभाईनं हात पुढे केला. मी डबा देता देता थांबले. झाकण काढून आत पाहिलं. झाकण लावलं... आणि पुन्हा काढून पाहिलं.