कोपऱ्यातलं मशीन

जव्हारला आमच्या शाळेसमोर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर क्लास होता. लिनक्स या फुकट, खुल्या सिस्टिमची सीडी तो मागेल त्याला कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. म्हणायचा, "सर, नाचणीचं बी आपण घरचंच राखतो ना? कंपनीची सिस्टिम म्हणजे विकतचं बी. उद्या नाही दिलं तर?"

"नोकऱ्या त्याच सिस्टिमवर आहेत," मी म्हणायचो.

पोरं क्लास सोडू लागली, तेव्हा त्यानंच सगळ्या मशीनवर कंपनीची सिस्टिम घातली. लिनक्स कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर राहिलं. तिथं कुणी बसत नसे. तो रोज सकाळी ते चालू करून बघायचा आणि बंद करायचा.

"बी राखलंस म्हणायचं," मी एकदा म्हटलं.

"राखलंय. पण न पेरता किती वर्षं टिकतं, सर?"

मीही नाचणी पिकवणाऱ्या घरातला. उत्तर ठाऊक होतं.