फेंडरवरून घासलेलं नाव

अन्याय झाला तो नांदेडच्या सलीमचाचांवर, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरवर. गेल्या सोमवारी, सकाळी अकराला, जुन्या गाड्या विकणाऱ्या आमच्या साहेबांच्या लातूरच्या शेडमध्ये. चाचांची रीत अशी, की पत्रा ठोकून झाला की फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या अंगाला लोखंडी पंचनं आपलं नाव उमटवायचं. साहेब त्यावर ग्राइंडर चालवत होते. मी पोचलो तेव्हा नाव निम्मं गेलं होतं.

मी जुन्या गाड्यांचा व्हॅल्युअर. गाडी तपासतो, किंमत ठरवतो, रिपोर्टवर सही करतो. शेडमध्ये दोन ग्रँड टूरर होत्या, म्हणजे दोघांनी बसून लांबचा पल्ला वेगात आणि आरामात मारायच्या गाड्या. लांब नाकाची जग्वार मुंबईहून रंगवून आणलेली. मर्सिडीज चाचांनी हातानं ठोकून उभी केलेली. डाळमिलवाले वीरभद्रअप्पा दोन्हीतली एक घेणार होते.

"नाव का घासलं, साहेब?"

"रिपोर्टात मुंबईचं काम लिही. नांदेड वाचलं की शौकीन मागं सरकतेत."

चाचांकडं सर्टिफिकेट नाही, बोर्ड नाही. कुणीतरी ते नाव वाचलं तरच पुढची असली गाडी येणार.

तेवढ्यात अप्पा आले. खिशात चुंबक. मर्सिडीजच्या दाराला लावलं, ते घसरून पडलं.

"बघा. रंगाखाली सगळी पुट्टी थापलेली हाय."

"अप्पा, हिची दारं कंपनीतूनच ॲल्युमिनियमची. चुंबक धरणारच न्हाई. फेंडर लोखंडी हाय, तिथं लावा," मी म्हणालो.

चटकन बसलं. मग जग्वारच्या दाराखाली लावायला सांगितलं. तिथं लोखंडच असायला हवं. चुंबक दोनदा खाली पडलं. पुट्टी होती ती मुंबईच्या कामात.

"हिचा पत्रा कुणी ठोकला?" अप्पांनी मर्सिडीजवर हात ठेवला.

"मुंबईत," साहेब म्हणाले.

"न्हाई. नांदेडच्या सलीमचाचांनी," मी म्हणालो.

अप्पा हसले. "आपल्या नांदेडात असलं काम होतंय व्हय? बरं, हीच घेतो. पण कागदावर मुंबईच राहू द्या. जुन्या गाड्यांच्या रॅलीत पुण्याचे लोक टिंगल करतेत."

काम नांदेडचं चालतं, नाव चालत नाही. माझं डोकं फिरलं.

"मग सही तुम्हीच करा," मी साहेबांना म्हणालो. व्हॅल्युअरच्या सहीशिवाय अप्पांना पाहिजे त्या किमतीचा विमा निघत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं.

"परत इथं काम मागायला येऊ नको."

"न्हाई येणार."

चाचांना फोनवर सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. "माझ्यापायी कशाला भांडून राहिलास बेटा? तुझं काम गेलं, माझं कुठं आलं?"

गुरुवारी मी रिपोर्ट थेट अप्पांकडं पाठवला. पहिल्या पानावर 'पत्राकाम: सलीमचाचा, नांदेड'. खाली माझी सही. विम्यासाठी सही हवीच होती, म्हणून अप्पांनी कुरकुरत घेतला. साहेबांचा फोन यायचा बंद झाला. चाचांकडं दुसरी गाडी अजून आलेली नाही. नुसतं खरं लिहून लगेच काही बदलत नाही, एवढं मी शिकलो.

आता तुम्ही. गेल्या महिन्यात स्कूटर, ट्रॅक्टर, काहीतरी दुरुस्त करून आणलंच असेल. पावती काढा. गॅरेजचं नाव आहे, काम करणाऱ्याचं नाही. उद्या सकाळी परत जा आणि ते तुमच्यासमोर लिहून घ्या.