पळणाऱ्याचं जॅकेट

"सावंत, लडकी को जॅकेट दे दो, फ्रीझर में दौडने दो. यल्ला, जल्दी! क्लायंट खडा है!"

हे आमचे जनरल मॅनेजर, नायर सर. दुबईत रास अल खोरमधल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी, सावंत, सेफ्टी ऑफिसर आहे. समोर उभे होते देशमुख साहेब, आमचे मोठे क्लायंट, आणि त्यांची मुलगी ईरा. पोरगी जन्मापासून दुबईतली. आता कॅनडात शिकायला निघालेली, तिथल्या कॉलेजच्या टीममधून धावणार होती. तिकडच्या हिवाळ्यात ती उघड्यावर धावणार कशी, हा बापाला घोर. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आमच्या कामगारांचं फ्रीझर जॅकेट.

"उणे पंचवीसला चालतं ना हे?"

"चालतं साहेब, पण फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याला. पळणाऱ्याला घाम येतो. तो आत अडकतो, कपडे भिजतात, आणि थांबलं की तेच ओले कपडे गारठवतात."

"दुबईत राहून घामाला काय घाबरायचं? ट्रायल तर घेऊ."

मला राग आला. सेफ्टीवाल्याने तोंड उघडलं की सगळ्यांना 'शुभ बोल रे नाऱ्या' आठवतं. नायर सरांनी डोळे वटारले. शेवटी मी अट घातली: उणे तापमानाचा फ्रीझर नाही, शून्याच्या थोडा वरचा, फळं-भाज्यांचा चिलर, आणि मी आत थांबणार. फोर्कलिफ्टही बंद करायला लावली.

ईरा सुती टी-शर्टवर ते जाडजूड जॅकेट चढवून रॅकमधल्या गल्लीत पळू लागली. आधी मजेत. मग चेहरा लालबुंद झाला, कपाळावरून घाम निथळायला लागला. "सो हॉट!" म्हणत तिने जॅकेटची चेन उघडली. आणि आखातात वाढलेलं मूल बाहेरून घरात शिरल्यावर जे करतं तेच केलं. थेट एसीसमोर जाऊन उभी राहिली. फक्त हा घरातला एसी नव्हता, अख्खी खोली गार ठेवणारा ब्लोअर होता.

"ईरा, बाजूला हो!"

पंख्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतो. धावत पोचलो तोवर तिचे दात वाजत होते. चेन लावायला गेली तर बोटं वळेनात.

"चल बाहेर."

"आय... आय ॲम फाइन, अंकल."

शब्द अडखळत होते. जीभ जड झाली की माणसाच्या 'फाइन'वर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तिला धरून बाहेर काढलं.

बाहेर देशमुख आणखी एक जॅकेट घेऊन धावले.

"वरून काही नको! आतलं ओलं आधी काढा!" मी ओरडलोच, क्लायंटवर.

ऑफिसमधल्या दोघी बायकांनी तिला आत नेलं, कोरडे कपडे घातले, ब्लँकेटात गुंडाळलं, कोमट गोड चहा पाजला. तिची थरथर थांबेपर्यंत देशमुख दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. "एकुलती एक आहे हो," एवढंच म्हणाले. मग आतून ईराचा आवाज आला, खणखणीत: "बाबा, धिस जॅकेट इज द वर्स्ट!" देशमुखांनी डोळे पुसले.

ईरा गेली तेव्हा बॅगेत ते जॅकेट नव्हतं, मी दिलेल्या यादीतलं सामान होतं. घाम शोषून न ठेवणारा पातळ टी-शर्ट, त्यावर हलका गरम थर, सगळ्यात वर वारा अडवणारं विंडचीटर, टोपी, हातमोजे. थांबल्यावर घालायला एक कोरडा जोड. सुती काही नाही.

"एवढंच?" यादी बघून देशमुखांनी विचारलं होतं.

एवढंच. धावायला निघताना थोडं कुडकुडलंच पाहिजे, पुढे अंग आपोआप तापतं. आई-बापांना मात्र ते कुडकुडणं बघवत नाही. त्यांनी दारापर्यंत सोडायला जाऊ नये.